मूनकेकच्या डब्यातल्या गोळ्या

तमाम रसिक मायबापहो, शांतता असावी. पडदा वर जाण्यापूर्वी एक अत्यंत गंभीर घोषणा. मोबाईल बंद करा, चिवड्याच्या पुड्या मिटवा, आणि ज्यांनी गाडी शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेत लावली आहे त्यांनी ती आत्ताच काढून यावी, कारण मधेच उठलेलं मला चालत नाही. घोषणा अशी की मी — वय चोपन्न, मुक्काम मार्कहॅम, धंद्याने फार्मासिस्ट, आणि आमच्या मंडळाच्या गणपतीच्या नाटकात सलग अकरा वर्षं खाष्ट सासू — आज एक गुन्हा कबूल करणार आहे.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. पुण्याच्या बहिणीला नाही, जिला मी पाठीवर नवा तीळ उगवला तरी फोन करते. देवाला सांगितलं असं म्हणायची सोय होती, पण देवासमोर उभी राहिले की मी मुलाच्या नोकरीचं बोलते आणि हा विषय टाळते. मग तुम्हालाच का? — खरं सांगू, कारण मला ठाऊक नाही.

आता तुमच्या मनात काय काय येत असेल. चोरी? एखादं जुनं प्रकरण? आमच्या मंडळात दोन्हींचा तुटवडा नाही, पण माझ्या वाट्याला इतकं रंगीत काही आलं नाही. माझं पाप तीन शब्दांचं आहे. फोनवर बोललेलं. वर ते मी अगदी गोड आवाजात बोलले.

थांबा, सरळ तिथे जात नाही. आधी दुकान दाखवते.

आमची फार्मसी एका चिनी प्लाझात आहे. डाव्या हाताला बेकरी, उजव्या हाताला जडीबुटीचं दुकान — काचेच्या बरण्यांत वाळलेली मुळं, साली, बिया, आणि एका बरणीत वाळवलेले समुद्री घोडे, ज्यांच्याकडे मी आजही सरळ बघू शकत नाही. गिऱ्हाईक बहुतेक हाँगकाँगहून आलेलं, वयस्कर. मालकाने मला कामावर घेतलं तेव्हा त्याला वाटलं होतं मी महिनाभर टिकेन. मी पहिल्याच आठवड्यात एक वाक्य पाठ केलं, 'सिक जो फान मेई?' म्हणजे, जेवलात का? हे लोक भेटल्यावर एकमेकांना हेच विचारतात. मला तर माहेरी नागपूरलाच आल्यासारखं झालं. काउंटरच्या पलीकडून कुणी म्हातारी आली की मी हात उंचावून विचारायची, जेवलात का? ती हसून लाजायची, आणि पुढच्या वेळी माझ्यासाठी संत्रं घेऊन यायची.

आणि एक खेळ आमच्याकडे रोज चालायचा. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी ही माणसं नम्रपणे घ्यायची, मान डोलवायची, थँक्यू म्हणायची, आणि पिशवी हातात धरूनच शेजारच्या जडीबुटीवाल्याकडे शिरायची. घरी गेल्यावर काढा रोज उकळायचा आणि गोळी आठवण आली तर. विलायती औषध झटकन काम करतं, पण अंगाला जाळतं, असं त्यांचं म्हणणं. कुठलंही औषध म्हटलं की त्यात तीन भाग विष असतंच, अशी त्यांच्यात म्हण आहे. आणि डॉक्टरांना तोंडावर नाही म्हणायचं? छे, इतका शहाणा माणूस, त्याचा अपमान कोण करणार? त्यापेक्षा हो म्हणावं आणि करू नये.

मला हे कुणी समजावून द्यावं लागलं नाही. माझी आई धरमपेठेत बसून ब्लडप्रेशरची गोळी भाजीच्या सुरीने अर्धी करते. का? तर सवय लागते म्हणे. डॉक्टरांनी विचारलं की सांगते, "अगदी घड्याळ लावून घेते हो." आणि डॉक्टर खूश होऊन चहा पितात.

तर अशा या दुकानात एका वसंतात लाउ अंकल आले.

वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं कौलूनमध्ये शिंपी. अंगात नेहमी कडक इस्त्रीचा शर्ट, आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा फिरत असलेला — तिळाचा लाडू वळावा तसा, पण हातात लाडू नाही. कंपवाताची सुरुवात. बरोबर मुलगी होती, व्हिव्हियन. ती डाउनटाउनला बँकेत जायची, रोज गो ट्रेनने, म्हणजे आमच्या इथल्या लोकलने, आणि वडील तिच्याच घरी राहायचे. बेसमेंटमध्ये त्यांचं शिवणाचं मशीन होतं.

व्हिव्हियनने प्रिस्क्रिप्शन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "हे सगळ्याला हो म्हणतात. बघा तुम्ही."

मी अंकलना गोळीची माहिती सांगितली. त्यांनी हो म्हटलं. मी विचारलं, दिवसातून तीनदा घ्याल? हो म्हटलं. मी गंभीर चेहऱ्याने विचारलं, पोहता पोहता घ्याल? तेव्हाही हो म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं आणि गालात हसले. मला माणूस आवडला.

मग मी माझा प्रयोग लावला. काउंटरबाहेर आले आणि सांगितलं की आमच्या देशात खाजकुयली नावाची वेल असते. शेंगेला हात लागला की माणूस असा खाजवतो — आणि मी भर दुकानात पाठ, मान, काखा खाजवून दाखवल्या. पण याच शेंगेच्या बीमध्ये तेच द्रव्य असतं जे या गोळीत आहे, आणि आमचे वैद्य कंपवातावर ते जुन्या काळापासून देत आले आहेत. तुमच्या जाड्या शेंगांमध्येसुद्धा ते थोडं असतं. तेव्हा ही गोळी काही परकी नाही, आपल्याच मळ्यातली आहे, फक्त कोट घालून आली आहे. अंकल इतके हसले की त्यांना फ्लूची लस टोचायच्या खुर्चीवर बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे शेंग." मी म्हटलं, "शेंगच." त्यांनी पिशवी घेतली आणि, पहिल्यांदाच, ती घेऊन सरळ गाडीत जाऊन बसले. शेजारच्या दुकानात शिरले नाहीत.

दर महिन्याला रिफिल, म्हणजे पुढच्या महिन्याच्या गोळ्या, वेळेवर. एक दिवस इकडे नाही, एक दिवस तिकडे नाही. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टचा फोन आला, खास माझे आभार मानायला. चिनी वृद्धांना कंपवाताची गोळी सुरू करायला लावणं म्हणजे डोंगर हलवणं, तुम्ही काय जादू केलीत, असं विचारलं. मी काय केलं असेल? फोनवरच सगळा प्रयोग परत करून दाखवला, खाजवण्यासकट. त्यांनी तो आणखी कुणाला सांगितला, त्या माणसाने आणखी कुणाला. पाहता पाहता माझं नाव झालं. ज्यांचे वडील गोळ्या घेत नाहीत अशी माणसं लांबून लांबून यायला लागली. मालकाने माझा फोटो काढून काउंटरमागे लावला.

सांगते, टाळ्यांची चटक फार वाईट. गणपतीच्या नाटकातली टाळी मला वर्षातून एकदाच मिळायची. ही रोजची होती.

त्या शरदात मला एक आमंत्रण आलं. आरोग्यावर काम करणाऱ्या एका गटाने शनिवारी दुपारी लायब्ररीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. चिनी पेशंट कंपवाताची औषधं का टाळतात आणि त्यांना कसं पटवावं, असा विषय. डॉक्टर, नर्सेस, घरचे लोक, सगळे येणार होते. मला वीस मिनिटं. मी गोष्ट कुणाची सांगणार? अर्थात लाउ अंकलची. त्यांना विचारलं, त्यांनी हो म्हटलं. हो, मला माहीत आहे, ते सगळ्यालाच हो म्हणायचे.

कार्यक्रमाला दहा दिवस होते तेव्हा अंकल एकटेच दुकानात आले. दुपारची सामसूम. त्यांनी पिशवीतून मूनकेकचा लाल पत्र्याचा डबा काढला — झाकणावर चंद्र आणि एक बाई, तसला — आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवला. मला वाटलं मूनकेक. सण नुकताच झाला होता. मी झाकण उघडलं.

आत कागदाच्या छोट्या छोट्या पुड्या. शिंपी बटणांच्या बांधतो तशा. प्रत्येकीवर पेन्सिलने बारीक चिनी अक्षरात महिना लिहिलेला. आणि प्रत्येकीत गोळ्या. मी दिलेल्या. जवळजवळ सगळ्या.

ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचे, मी इथे आपल्या भाषेत सांगते. त्यांचा प्रश्न साधा होता. या गोळ्या पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतील का?

त्या उन्हाळ्यात त्यांच्या नातीचं, व्हिव्हियनच्या एमिलीचं, लग्न ठरलं होतं. तिचा छोंगसाम — अंगाबरोबर बसणारा त्यांचा लांब रेशमी पोशाख — अंकल स्वतः शिवणार होते. त्याची बटणं रेशमी दोरीच्या गाठींची असतात. एकेक गाठ बोटांनी वळायची, मशीनचं काम नाही. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की या गोळीचा जोर काही वर्षंच टिकतो, मग ती चालेनाशी होते. तेव्हा हिशोब सरळ. रिळावर दोरा मोजका आहे, तर तो आत्ता रोजच्या चहासाठी आणि शर्टाच्या बटणांसाठी का उलगडायचा? लग्नाच्या तीन महिने आधी सुरू करायच्या. तेव्हा हात लागतील. तोवर शेजारचा काढा आणि सकाळचा व्यायाम. मुलीला कळू द्यायचं नव्हतं, ती घाबरते.

मी काय करायला हवं होतं हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. खुर्ची ओढायची, त्यांना बसवायचं, सांगायचं की अंकल, तुम्हाला कुणी अर्धवट सांगितलंय, दोरा असा वाचत नाही, हात मात्र आत्ताच आखडत चाललेत. माझं कामच ते. माझ्याशिवाय त्यांना ते हसत हसत सांगू शकणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि त्यांनी ते माझंच ऐकलं असतं. म्हणून तर डबा माझ्याकडे आणला होता, नाही का?

मी झाकण लावलं, डबा परत त्यांच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "अंकल, यावर आपण निवांत बोलू. जरा कार्यक्रम होऊन जाऊ दे."

कार्यक्रम होऊन जाऊ दे. हे मी बोलले. दहा दिवसांनी काय फरक पडतो, असं मनाशी म्हटलं. वीस मिनिटांची गोष्ट तयार होती, शेवट तयार होता. आता नवीन शेवट कुठून आणणार?

आणि प्रयोग झाला. रंगला, याबद्दल दुमत नाही. मी लाउ अंकल झाले. पाठ वाकवली, पावलं आखूड केली, अंगठा तर्जनीवर फिरवला, तो लाडू वळणारा हात हवेत धरला. मग गोळी गिळल्याचा अभिनय, एक विराम, आणि मी हळूहळू सरळ झाले. शेवटी हवेतली सुई उचलली आणि पहिल्या फटक्यात दोरा ओवला. लोक उभे राहिले. न्यूरॉलॉजिस्ट तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होते.

अंकल पहिल्या रांगेत होते. व्हिव्हियनच्या शेजारी, कडक शर्टात. डबा घरी भरत होता, आणि ते माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. एका हाताला दुसरा हात सापडायला वेळ लागत होता.

नंतर जवळ येऊन म्हणाले, "मिस, तुम्ही माझ्यापेक्षा छान थरथरता." आणि वर, "दोरा मात्र आधी तोंडात ओला करायचा असतो."

मी खो खो हसले. सगळ्यांना सांगत सुटले, अंकल काय म्हणाले ऐका.

निवांत बोलायचं होतं ना? नाही बोलले. आता कशी बोलणार होते? त्या हॉलमधल्या प्रत्येकाला मी सांगून बसले होते की हा माणूस गोळ्या घेतो. अंकलनीही पुन्हा विषय काढला नाही. दर महिन्याला यायचे, पिशवी घ्यायचे, मी जेवलात का विचारायची, ते जेवलो म्हणायचे. आम्ही दोघं मिळून एक नाटक चालवत होतो आणि दोघांची वाक्यं चोख पाठ होती.

हिवाळ्यात डॉक्टरांनी डोस वाढवला. मग आणखी वाढवला. डबा जास्त वेगाने भरला असणार. जानेवारीत अंकल ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरून पडले. मनगटाला प्लास्टर. व्हिव्हियन औषधं न्यायला आली, बुटांवर बर्फ वितळवायला रस्त्यात टाकतात ते मीठ वाळलेलं, चेहरा उतरलेला. म्हणाली, "इतका डोस वाढवला, काहीच होत नाहीये. मला कळत नाही." मी तिला गरम पाणी दिलं, धीर दिला. बाकी काही दिलं नाही.

आणि मग तो शुक्रवार.

तुम्हाला या आजाराचं एक सोपं सूत्र सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. साध्या कंपवातात ही गोळी पोटात गेली की हात, पाय मोकळे होतात. पूर्ण डोस महिनोन्महिने घेऊनही काडीचा फरक नसेल, तर डॉक्टर समजतात की हा साधा कंपवात नाहीच. हा त्याचा दुष्ट चुलतभाऊ आहे. त्याच्यावर औषध नाही, आणि तो भराभर चालतो — आधी तोल, मग बोलणं, मग गिळणं.

न्यूरॉलॉजिस्टनी स्वतः फोन केला. म्हणाले, "मंगळवारी मिस्टर लाउ यायचे आहेत. रिफिल वेळेवर दिसताहेत, पण तुम्ही त्यांना ओळखता म्हणून विचारतो. खरंच घेतात ना?"

बघा, दार किती सताड उघडं होतं. कागदाने फसवलं असतं तर गोष्ट वेगळी. माणूस मलाच विचारत होता, मी ओळखते म्हणून. पेशंटचं गुपित? उपचार करणाऱ्या डॉक्टरला ते सांगणं हे माझं कर्तव्य होतं, त्यासाठीच मला लायसन्स दिलंय. अंकलना दिलेला शब्द? तो मी कधी दिलाच नव्हता. मी फक्त झाकण लावलं होतं.

मी खोकल्याच्या गोळ्यांच्या स्टँडकडे बघत होते. लिंबू, मध, चेरी. आणि मी म्हणाले, "एकही चुकवत नाहीत."

पलीकडे फाइलचं पान उलटलं. मग ते म्हणाले, "मग मला वाटत होतं तो आजार नाही हा."

मला कळलं. अगदी पूर्ण कळलं. मला कळलं नाही असं म्हणायची मला इथे सोय नाही. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं — डॉक्टर, थांबा, माझं चुकलं. मी म्हटलं, "हॅव अ गुड वीकेंड, डॉक्टर." माझा फोनवरचा आवाज फार प्रसन्न आहे, सगळे म्हणतात.

बुधवारी व्हिव्हियन आली. काउंटरला धरून उभी राहिली आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं. दोन वर्षं, कदाचित तीन. गोळ्या चालू ठेवा म्हणाले, पण त्यातून आशा ठेवू नका. एमिलीने लग्न पुढच्या उन्हाळ्यातून ओढून याच मेच्या लाँग वीकेंडला आणलं होतं, आजोबांना बघता यावं म्हणून. छोंगसाम दुकानातून घेणार होते. व्हिव्हियन म्हणाली, शिवणाचं मशीन कुणाला हवं असेल तर सांगा, बेसमेंटचा जिना त्यांना आता झेपत नाही. मी तिचा हात धरला. मला रडूही आलं. ते खोटं नव्हतं, आणि त्याने काही झालंही नाही.

त्यानंतर किती दिवस होते माझ्याकडे? मार्च, एप्रिल, मे. दुकान तर रविवारीसुद्धा उघडं असायचं.

लग्नाला मला बोलावलं होतं. त्यांच्यात नवरी मोठ्यांना गुडघे टेकून चहा देते. एमिलीने दोन्ही हातांनी पेला पुढे केला. अंकल व्हीलचेअरमध्ये. त्यांनी हात पुढे केला आणि पेला तिच्या मांडीवर सांडला, विकतच्या लाल रेशमावर. त्या ड्रेसची बटणं मी जवळून पाहिली. गाठी वरून नुसत्या चिकटवलेल्या होत्या, खाली प्रेसची बटणं. एमिली आजोबांना म्हणाली, "इट्स ओके, गुंग-गुंग, इट्स ओके," आणि व्हिव्हियनने पेला वडिलांच्या ओठांना लावला. अंकल त्या बटणांकडे बघत होते. मी जेवायला थांबले. माशाचं कौतुक केलं.

जूनमध्ये त्यांना केअर होममध्ये जागा मिळाली. जायच्या आदल्या आठवड्यात व्हिव्हियन त्यांना घेऊन दुकानात आली. ती बर्थडे कार्डं बघत होती तेवढ्यात अंकलनी मांडीवरची पिशवी माझ्या हातात दिली. "जुनं औषध," म्हणाले. लोक जुनी औषधं आमच्याकडे परत देतात, आम्ही ती नष्ट करायला पाठवतो. डॉक्टरांनी आशा नाही म्हटल्यावर त्यांनी तरी कशासाठी सांभाळायच्या? मी डबा आत नेला. एकेक पुडी सोडली आणि गोळ्या टाकायच्या पिंपात ओतल्या. वेळ लागला. गाठी पक्क्या होत्या. पुड्यांचे कागद बारीक फाडले. मग बाहेर येऊन विचारलं, सिक जो फान मेई? ते म्हणाले, सिक जो. जेवलो.

रिकामा डबा मी घरी आणला. बेसमेंटमध्ये आहे. त्यात मी काहीच ठेवत नाही.

आता पुढचं तुम्ही ओळखलं असेल. केअर होममध्ये नर्स गोळी हातात देते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. तोंडावर नाही म्हणणं अंकलच्या स्वभावात नव्हतं. पहिल्यांदाच गोळ्या नेमाने पोटात गेल्या, आणि गेल्या त्या थेट वाढवलेल्या डोसने. पहिला आठवडा भयंकर. उलट्या, चक्कर, खिडकीच्या पडद्यावर नसलेली मुलं दिसायला लागली. तिथल्या डॉक्टरने घाईने डोस निम्म्याहून खाली आणला. आणि जुलै सरता सरता लाउ अंकल व्हीलचेअरमधून उठले. ऑगस्टमध्ये वॉकर सोडला. व्हिव्हियनने फोनवर हसत आणि रडत सांगितलं, डॉक्टर म्हणतात निदानच चुकलं असावं, कधीकधी होतं असं. न्यूरॉलॉजिस्टनी तिची माफी मागितली. ऐकताय ना? त्यांनी मागितली. मी म्हटलं, किती मोठं मन आहे त्यांचं.

अंकल त्यानंतर तीन वर्षं जगले, चांगले जगले, आणि गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेले. व्हिव्हियन अजून माझ्याकडेच येते, थायरॉईडच्या गोळीसाठी. दर वेळी म्हणते, बाबांना तुम्ही फार आवडायचात. माझा फोटो काउंटरमागे आहे, जरा पिवळा पडलाय. तिला मी सांगितलेलं नाही. हे तिने वाचलं तर वाचलं. पण ती मराठी वाचत नाही, आणि मी मराठीत लिहिते आहे, हेही तुमच्या लक्षात आलं असेल.

एकच दुपार राहिली. त्याच वर्षीचा शरद, मूनकेकचा सण. व्हिव्हियनने मला केअर होमवर बोलावलं होतं. खिडकीशी अंकल बसलेले, पांढरा कडक शर्ट, आणि हातात लाल दोरी. ते गाठी वळत होते. एक, मग दुसरी. बोटं जरा सावकाश, पण एकदाही चुकली नाहीत. नर्सेसच्या स्वेटरांना लावायला बटणं करून देत होते. टेबलावर वाटीभर झाली होती. व्हिव्हियनने माझ्या हातात मूनकेकचा नवाकोरा डबा ठेवला, सगळ्या मदतीबद्दल म्हणून, आणि चहा आणायला गेली.

आम्ही दोघंच. मी माफी मागितली का? नाही. मी काय केलं सांगू? मी डबा मांडीवर धरला आणि थट्टेच्या सुरात, जणू सगळी चूक त्यांचीच होती अशा सुरात, विचारलं, "काय हो अंकल, तो तुमचा डबा त्या मंगळवारी डॉक्टरांकडे न्यायचा होता की."

ते गाठ ओढत होते. हात थांबला नाही, मान वर झाली नाही, आणि तोंडातून निघून गेलं, "नेला होता, मिस. पिशवीतच होता. पण डॉक्टर म्हणाले, तुम्ही सांगितलंय मी एकही चुकवत नाही. मग तुम्हाला तोंडघशी कसं पाडू?"